हलू नये ते

चार भिंगांचा कॅमेरा इनासने टेबलावर ठेवला
तेव्हा पट्ट्यावर मिठाचा पांढरा थर होता.
कोबेच्या बंदरात घेतला, म्हणाला, अर्ध्या किमतीत,
सोबत रेघांच्या कागदाचं पाकीट, बारा पानं.
नख फिरवलं की पान कंगव्यासारखं वाजतं.

बटण एकदाच दाबायचं.
चारही झापडं एकाच क्षणी उघडतात
आणि फिल्मवर उतरतात चार कुडतरी,
चार बलकांव, चार सांतान
बोटबोटभर सरकून पाहिलेल्या.
लांबची टेकडी चारही चौकटींत जागच्या जागी.
जवळची पपई मात्र
दर चौकटीला थोडी थोडी
शेजाऱ्याच्या कुंपणाकडे निघालेली.

मला हे पट्टीने कळतं.
डावा डोळा माझा लहानपणापासून आळशी.
डॉक्टरांनी उजवा बांधून ठेवायला सांगितला होता,
आईला वाटलं, शाळेत पोरं हसतील.
तर खोली म्हणजे मला
भाड्याने देता येते तेवढीच ठाऊक.
वहीत लिहिते: पपई सव्वा मिलिमीटर,
सांतान अर्धा, टेकडी शून्य.

"कुठला बिंदू धरू?" मी विचारलं.
चारही निगेटिव्हमधलं एक काहीतरी
एकाच फुलीवर आणून बसवावं लागतं.
ते कागदात घट्ट राहतं,
बाकीचं त्याच्या पुढे येतं नाहीतर मागे जातं.
लोक सहसा नाक सांगतात. नवरदेव स्वतःचं.
इनास बराच वेळ गप्प.
चढणीवरून पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजत गेला.
मग म्हणाला, सांतानचा अंगठा.
पोरीच्या खांद्यावर दाबलेला.

"आणि तुम्ही? मागे खांबाशी आहात. हलाल."
"हांव मात्सो हाल्लों जाल्यार चलता,
संवय आसा तांकां."

रंगीत कागदाला लाल दिवासुद्धा सोसत नाही.
दार लावलं की काळोख पुरा,
आणि पुऱ्या काळोखात
सगळ्यांना माझ्याइतकंच दिसतं.
पहिली निगेटिव्ह. अकरा आकडे मोजायचे.
मग पाट किंचित तिरपा, खाच बोटाने चाचपून.
दुसरी. तिसरी.
चौथीला कुणीतरी बाहेर शटर ठोठावलं,
पासपोर्टचे फोटो आज मिळतील का,
आणि माझा आकडा चुकला.
दोन पानं वाया.
त्यातल्या एकात सांतानला तीन अंगठे.

शनिवारी तो आला. सोमवारी बोट.
चित्र दोन्ही हातांत धरून दिव्याखाली गेला,
जवळ आणलं, लांब नेलं,
आणि एकदम श्वास घेतला, पाण्यात पाय टाकल्यासारखा.
"पपई भायर आयली!"
आणि बोट ठेवलं हवेत,
कागदापासून वीतभर अलीकडे,
जिथे काहीच नव्हतं.

मी त्याच्या बोटाकडे पाहिलं.
मग चित्र मागून घेतलं, जरा कललं, सरळ केलं, परत कललं.
खांबाशी इनास डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
दरवेळी तेच हसू घेऊन.
अंगठा जागेवर.
एवढंच मला दिसतं.
"बरं आलंय," मी म्हटलं
आणि वाया गेलेल्या पानांचे पैसे लावले नाहीत.

पाकिटात नऊ पानं उरलीत.
तो म्हणाला, ठेव, परत येईन तेव्हा पोरीची उंची वाढलेली असेल.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
मी दारात उभी राहते आणि मान हलवते,
हळू, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.
विजेचा खांब पटकन सरकतो.
त्यामागचा चर्चचा मनोरा थोडासा, नाखुशीने.
चंद्रनाथाचा डोंगर मुळीच नाही.
पुन्हा एकदा. खांब, मनोरा.

समोरच्या दुकानातली पिएदाद
फुलं आत नेता नेता थांबते.
"मान धरली गो?"
हो, म्हणते मी, जराशी.